इंजिनाचा श्वास : मिस्त्रीचं बोट आणि संगणकाची सुई
(मोहर्ली येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

सफारीची दुपारची फेरी संपवून, अंगावरची धूळही न झटकता तुम्ही इथे येऊन बसलात, याबद्दल आधी आभार मानतो. मला सांगितलं होतं की मोहर्लीत व्याख्यान म्हणजे वाघावर बोलायला लागेल. वाघाबद्दल तुमच्यासमोर मी बोलणं म्हणजे कठीणच आहे. (हशा) त्यामुळे मी अशा जनावरावर बोलणार आहे, जे ताडोबाच्या गेटवर रोज पहाटे वाघाच्या आधी दिसतं. जिप्सी.

जिप्सीवरही पूर्ण नाही. तिच्या इंजिनाच्या फक्त वरच्या भागावर, ज्याला आपण 'हेड' म्हणतो. गॅस्केट गेली की जे उतरवावं लागतं, आणि जे उतरवलं की खिशाला पाच आकडी भोक पडतं, ते हेड. या एका भागाच्या इतिहासात विसाव्या शतकातल्या कारागिरीचा एक मोठा झगडा दडलेला आहे. त्या झगड्यात थोडा माझाही हात आहे. ते नंतर येईल.

आधी हिशेब करू. जिप्सीचं १.३ लिटरचं इंजिन घ्या. सिलिंडरचा व्यास ७४ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५.५ मिलिमीटर, चार सिलिंडर. गुणाकार केला की १२९८ सीसी येतात. म्हणजे एका सिलिंडरमध्ये सुमारे ३२५ सीसी हवा, चहाचे तीन कप समजा. आता इंजिन ६००० आरपीएमवर फिरतंय. सेकंदाला १०० फेरे. पिस्टन खाली जाताना हवा आत ओढतो, ती अर्धी फेरी, म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग. पाच मिलिसेकंद! एवढ्या वेळात तीन कप हवा एका वाकड्या बोगद्यातून, व्हॉल्व्हच्या कडेच्या फटीतून आत शिरली पाहिजे. चारही सिलिंडर धरले तर सेकंदाला ६५ लिटरच्या घरात. आपण बसल्या बसल्या एका श्वासात अर्धा लिटर घेतो. म्हणजे बघा.

तर तो बोगदा म्हणजे पोर्ट. हेडमध्ये ओतलेला, आतून न दिसणारा, वळणाचा मार्ग. पिस्टन, क्रँक, ब्लॉक सगळे हुकमाचे ताबेदार. इंजिन किती ताकद देणार हे मोठ्या प्रमाणात हेड ठरवतं. पुरावा तुमच्या अंगणातच उभा आहे. १९८५ च्या अखेरीस जिप्सी भारतात आली तेव्हा तिचं इंजिन ९७० सीसीचं होतं. १९९६ ला जिप्सी किंग आली, १.३ लिटर, आठ व्हॉल्व्ह, कार्बोरेटर, ताकद साठ हॉर्सपॉवरच्या आसपास. मग २००० च्या सुमारास त्याच मापाच्या सिलिंडरवर सोळा व्हॉल्व्हचं हेड आणि इंजेक्शन आलं, ताकद झाली ८०. आणि याच ७४ बाय ७५.५ च्या मापावर सुझुकीने परदेशात स्विफ्ट जीटीआयसाठी दोन कॅमशाफ्टचं हेड बसवलं, तेव्हा आकडा गेला शंभरावर. अर्थात इंजेक्शन, कॉम्प्रेशन, कॅमचा आकार हेही बदलले होते, सगळं श्रेय पोर्टला देता येणार नाही. पण मुख्य गोष्ट वरची.

हे कळायला माणसाला बराच वेळ लागला. सुरुवातीच्या इंजिनांमध्ये पोर्ट म्हणजे फक्त भोक होतं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्लंडात हॅरी रिकार्डो याने ज्वलनकक्षाच्या आकारावर काम केलं, आत हवा घुसळली पाहिजे हे दाखवलं. आणि १९२० च्या दशकात हॅरी वेस्लेक नावाचा एक खटपट्या माणूस पुढे आला. त्याने केलं काय, तर इंजिन चालू न करताच नुसतं हेड घ्यायचं, त्यातून पंख्याने हवा ओढायची आणि किती हवा गेली ते मोजायचं. यालाच आज फ्लो बेंच म्हणतात. साधी कल्पना आहे हो! पण तोपर्यंत 'हा पोर्ट चांगला' याचा अर्थ 'मिस्त्री म्हणतो म्हणून चांगला' एवढाच होता. वेस्लेकने पहिल्यांदा त्याला आकडा दिला. बेंटलीच्या गाड्या, मग जॅग्वारची इंजिनं, सगळीकडे त्याचा हात लागला.

आणि आकडा मिळाल्यावर पहिला धक्का बसला तो हा, की मोठं भोक म्हणजे चांगलं भोक नव्हे. हे जरा लक्षात ठेवा, शेवटी जिप्सीकडे येताना लागेल. पोर्ट रुंद केला की हवेचा वेग उतरतो. वेग उतरला की कमी आरपीएमला सिलिंडर नीट भरत नाही. खरी किमया असते आतल्या वळणाच्या छोट्या बाजूला, जिथे हवा कोपऱ्यावरून व्हॉल्व्हकडे वळते. वळण फार तीव्र असेल तर हवा भिंत सोडते, जशी नदी वळणावर काठ सोडून पलीकडे आदळते. इरईच्या पुरात पाहिलंय ना तुम्ही? तसंच. तिथे अर्धा मिलिमीटर धातू जास्त गेला तर सुधारणा सोडा, हेड वाया.

१९६७ साली हॉलंडमधल्या झांडवूर्टच्या शर्यतीत कॉसवर्थ डीएफव्ही नावाचं इंजिन पहिल्यांदा उतरलं आणि जिम क्लार्कने पहिलीच शर्यत जिंकली. कीथ डकवर्थ याची रचना. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, आणि त्यांच्यातला कोन फक्त ३२ अंश, त्यामुळे ज्वलनकक्ष चपटा आणि पोर्ट सरळ. पुढच्या सोळा वर्षांत या इंजिनाने फॉर्म्युला वनच्या १५५ शर्यती जिंकल्या. आपल्याकडे त्याच स्वप्नाचं छोटं रूप म्हणजे कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांची फॉर्म्युला मारुती. मारुती ८०० चं इंजिन घेऊन त्यांनी रेसची गाडी उभी केली. पैसा कमी, इंजिन छोटं. मग ताकद काढायची कुठून? हेडमधूनच.

आणि ती काढायचा मिस्त्री. हातात पेन्सिल ग्राइंडर, टोकाला कार्बाइडचा बर, आणि दुसऱ्या हाताचं बोट पोर्टच्या आत. डोळ्याला आतलं वळण दिसतच नाही. जे कळतं ते बोटाला.

आता जरा कोल्हापूरला जाऊ. तुम्हाला वाटेल ताडोबातून कोल्हापूर कशाला, पण या विषयात महाराष्ट्राची गोष्ट तिथून जाते. किर्लोस्करांची परंपरा आपल्याला माहीत असते : लक्ष्मणरावांचं बेळगावचं सायकलचं दुकान, १९१० ची किर्लोस्करवाडी, लोखंडी नांगर, आणि शंतनुरावांच्या काळात, १९४६ ला, पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स. ही नावं पुस्तकात असतात. पण त्याच काळात कोल्हापुरात उद्यमनगरच्या बोळांमधून शेतीपंपाची ऑइल इंजिनं तयार होत होती, आणि ती करणारे बरेच जण इंजिनिअरिंग कॉलेजचं तोंडही न पाहिलेले. पद्धत काय? परदेशी इंजिन उघडायचं. प्रत्येक भाग मोजायचा. सुताराकडून त्याचा लाकडी पॅटर्न करायचा, वाळूत साचा पाडायचा, बीड ओतायचं, लेथवर लावायचं. याच गावात १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटर आणि दामले यांनी स्वतःच्या हाताने सिनेमाचा कॅमेरा बनवला होता, तेव्हा पाहून तसंच घडवायचं ही विद्या तिथल्या मातीत होतीच.

काही लोक याला नक्कल म्हणून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. नक्कल करताना त्या माणसाला प्रत्येक आकारामागचं कारण कळावं लागतं, नाहीतर ओतकामात हेडला तडा जातो आणि गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहतं. पुढे खेड्यात वीज आली, ऑइल इंजिनाची मागणी बसली, तेव्हा हेच कोल्हापूर मोटारींच्या ओतकामाकडे वळलं. आज तिथल्या फाउंड्रीतलं कास्टिंग कुठल्या कुठल्या गाडीत बसतं, सांगता सोय नाही.

बरं, आता संगणक. इथे जरा थांबून सांगतो, कारण झगडा इथे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत एक प्रश्न होता. लष्कराला विमानांचे वळणदार भाग हवे होते, आणि यंत्र चालवणारे कारागीर तर माणसंच, त्यांच्या संघटना होत्या, संप होते. यावर दोन उपाय पुढे आले. पहिला, जनरल इलेक्ट्रिकसारख्या कंपन्यांनी करून पाहिलेला : कुशल कारागिराने पहिला जॉब हाताने करायचा, त्याच्या हाताच्या हालचाली चुंबकीय पट्टीवर नोंदवायच्या, आणि पुढचे जॉब यंत्राने ती पट्टी वाजवून करायचे. गाण्याची रेकॉर्ड जशी. कर्ट व्हॉनेगट हा लेखक तेव्हा त्याच कंपनीच्या नोकरीत होता. असं आपोआप चालणारं यंत्र पाहून त्याला 'प्लेअर पियानो' ही कादंबरी सुचली, १९५२ ची.

दुसरा उपाय जॉन पार्सन्स याचा. मिशिगनमधला, हेलिकॉप्टरची पाती बनवणारा माणूस. पात्याच्या वळणाचे बिंदू तो पंचकार्डाच्या यंत्रावर गणिताने काढायचा आणि मिलिंग मशीनवर एक माणूस एका अक्षाला, दुसरा माणूस दुसऱ्या अक्षाला उभा करून आकडे मोठ्याने वाचून दाखवायचा. अक्षरशः! लग्नात आहेर वाचतात तसं. (हशा) त्याला वाटलं, ही दोन माणसं काढून थेट आकडेच यंत्राला दिले तर? १९४९ ला हवाई दलाचं कंत्राट मिळालं, काम एमआयटीच्या प्रयोगशाळेकडे गेलं, आणि १९५२ मध्ये कागदी पट्टीवरच्या छिद्रांनी चालणारं मिलिंग मशीन जगाला दाखवलं गेलं. शेकडो व्हॅक्यूम ट्यूब, कपाटभर यंत्रणा. पुढे १९७० च्या दशकात मायक्रोप्रोसेसर आला, कपाटाचा डबा झाला, आणि एनसीचं सीएनसी झालं.

फरक लक्षात आला का? पहिल्या उपायात यंत्राचा गुरू कारागीर होता. दुसऱ्यात ऑफिसमध्ये बसलेला प्रोग्रॅमर. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ च्या पुस्तकात असं मांडलं की दुसरा उपाय जिंकला तो नुसता सरस होता म्हणून नव्हे. मालकांना शॉप फ्लोअरवरची सत्ता कारागिराच्या हातातून काढून हवी होती. माझं मत विचाराल तर नोबलचं अर्धं बरोबर. विमानाचे काही आकार कुठलाच हात घडवू शकत नव्हता, तिथे गणितच हवं होतं. पण उरलेलं अर्धं खरं आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कारण गंमत अशी की रेसिंगच्या हेडमध्ये तो हरलेला पहिला उपाय परत आला. पोर्टचं चांगलं वळण गणिताने काढणं वर्षानुवर्षं जमत नव्हतं. चांगला पोर्ट मिस्त्रीच्या बोटाला यायचा. मग पद्धत अशी पडली : मिस्त्रीने एक हेड हाताने करायचं, फ्लो बेंचवर तपासत तपासत, कधी आठवडे घालवून. मग त्या पोर्टच्या आत प्रोबची सुई फिरवायची, हजारो बिंदू टिपायचे, त्यातून संगणकावर पृष्ठभाग उभा करायचा. आणि पाच अक्षांचं सीएनसी यंत्र तोच आकार पुढच्या प्रत्येक हेडमध्ये कोरतं. पाच अक्ष का, तर पोर्ट वाकडा आहे. नुसतं वरखाली, डावंउजवं, पुढेमागे करून कटर आतल्या वळणापर्यंत पोचतच नाही. जॉब किंवा कटर तिरपा करावा लागतो. बारीक दांड्यावर गोल डोकं असलेला कटर वापरतात, लहान मुलांच्या लॉलीपॉपसारखा. अर्धा पोर्ट मॅनिफोल्डच्या बाजूने कोरायचा, उरलेला व्हॉल्व्हच्या बाजूने, आणि दोन्ही वाटा मध्ये अशा जुळवायच्या की नखाला पायरी लागू नये. कटर १२ मिलिमीटरचा आणि दोन फेऱ्यांतलं अंतर एक मिलिमीटर धरलं तर मध्ये उरणारा उंचवटा साधारण ०.०२ मिलिमीटर. ती बारीक नांगरट तशीच ठेवतात बरेच जण. आरशासारखं चकचकीत केल्याने इनटेक पोर्टमध्ये फार फायदा होत नाही.

आता माझा हात.

२००६ ची गोष्ट. मी भोसरीत एका वर्कशॉपमध्ये होतो. नाव नाही सांगत. आमच्याकडे रॅलीच्या जिप्सी आणि एस्टीमची हेड्स यायची. एक मिस्त्री होते, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. सातवी शिकलेले. चाळीस वर्षं लेथ आणि ग्राइंडर. त्यांच्या हातचं हेड घेऊन जायला लांबून लांबून पोरं यायची. मालकाने नवं सीएनसी घेतलं, कर्ज काढून, आणि मला सांगितलं, काकांचं हेड स्कॅन कर. मी तेव्हा पंचविशीचा, संगणक येतो म्हणून छाती फुगलेली. काकांनी हेड टेबलावर ठेवलं, फडक्याने पुसलं आणि म्हणाले, "घे बाबा."

मी चारपैकी एक इनटेक पोर्ट स्कॅन केला. जो फ्लो बेंचवर सगळ्यात भारी होता तो, दोन नंबरचा. बाकीचे तीन त्याच्याशी पूर्ण जुळत नव्हते. मला वाटलं, हात म्हटला की कमीजास्त होणारच, आणि यंत्राचा फायदा नेमका हाच की चारही एकसारखे निघतील. निघाले. फ्लो बेंचवर चारही पोर्टचे आकडे एका रेषेत. मालक खूश, पेढे वाटले. हेड गाडीवर बसलं, आणि चालवणारा पोरगा दुसऱ्या दिवशी परत आला. वरच्या आरपीएमला ठीक, मध्येच गाडी अडते, म्हणाला. जुनं हेड असं करत नव्हतं.

आठ दिवस आम्ही जेट, टायमिंग, इंजेक्टर, काय काय तपासलं. शेवटी काकांना विचारलं. त्यांनी मॅनिफोल्ड मागितलं, हेडला लावून धरलं आणि एक नंबर आणि चार नंबरवर बोट ठेवलं. कडेच्या दोन सिलिंडरांना मॅनिफोल्डची नळी जास्त वळून येते. हवा आधीच एका अंगाला झुकलेली येते. म्हणून काका त्या दोन पोर्टची एक भिंत मुद्दाम किंचित भरलेली ठेवायचे. फ्लो बेंचवर आम्ही मॅनिफोल्ड लावतच नव्हतो, त्यामुळे बेंचला ते पोर्ट कमी दिसायचे. ज्याला मी हाताची चूक समजलो, ते त्यांचं उत्तर होतं.

"आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं. ते म्हणाले, "तू विचारलं कुठं? तू सुई फिरवत होतास."

मग चारही पोर्ट वेगवेगळे स्कॅन केले, मॅनिफोल्डसकट बेंचवर लावले, आणि ते हेड खरोखर चांगलं चाललं. त्या फाइलवर वर्कशॉपने पुढे कितीतरी हेड्स कोरली. काकांना त्याचं वेगळं काही मिळालं नाही. पगार होता तो मिळाला. दोन वर्षांनी ते गावी गेले, आणि फाइल मात्र तिथेच राहिली. फाइलच्या नावात कंपनीचं नाव आणि तारीख. काकांचं नाव घालायचं मला तेव्हा सुचलंही नाही.

पेटंटच्या कायद्यात अशा आकाराचं काय होतं, कॉपीराइट कुणाचा, यावर वकील तासभर बोलतील. मी एवढंच म्हणतो, गाणाऱ्याची रेकॉर्ड निघते तेव्हा वेष्टणावर गाणाऱ्याचं नाव असतं.

पुढचा इतिहास वेगाने सांगतो, कारण तो तुम्ही जगलाच आहात. २००७ ला बजाजने ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये हिस्सा घेतला, २०११ पासून चाकणहून ड्यूक बाहेर पडू लागली. २०१३ ची ३९० ड्यूक घ्या : एकच सिलिंडर, ३७३ सीसी, चार व्हॉल्व्ह, दोन कॅमशाफ्ट, ताकद सुमारे ४३ हॉर्सपॉवर. लिटरमागे काढलं तर ११५ च्या घरात. जिप्सीचं तेच गणित ६२ येतं. एकेकाळी जे रेसच्या हेडमध्ये दिसायचं, ते आता गावातलं पोरगं हप्त्यावर घेऊन फिरतंय. व्हॉल्व्ह सीट आणि गाइड एका रेषेत, काही शतांश मिलिमीटरच्या आत, आणि तेही लाखोंच्या संख्येत. हे हाताने होणं शक्यच नाही, ते सीएनसीचंच काम. पुन्हा प्रदूषणाचे नियम आहेत. एप्रिल २०२० ला बीएस सिक्स आलं. पोर्ट आणि ज्वलनकक्ष गाडीगाडीला वेगळा निघाला तर धूर मापात बसत नाही. म्हणजे रेसिंगची अचूकता हवा स्वच्छ ठेवायच्या कामाला आली. आणि त्याच नव्या नियमांच्या काळात, २०१९ ला, जिप्सीचं उत्पादन थांबलं. तुमच्या दारातली जिप्सी आता नवी मिळणार नाही, आहे तीच बांधून बांधून चालवायची आहे.

एवढं बोलून थांबतो. काही विचारायचं असेल तर विचारा.

(एका जिप्सीचालकाचा प्रश्न : "भाऊ, मंग आमच्या गाडीले असं रेसवालं हेड बसवलं त चालन का?")

नाही दादा. अजिबात नको. तुम्ही जंगलात दुसऱ्या गिअरला, हळू, पर्यटक भरलेली गाडी चालवता. तुम्हाला खालच्या आरपीएमचा जोर हवा. पोर्ट मोठा केलात तर तोच जाईल, पेट्रोल जास्त पिईल, आणि चढावर क्लच जळेल तो वेगळा. हेड उतरवलंत तर तीन गोष्टी बघा. खालची सपाटी सरळपट्टी आणि फिलर गेज लावून तपासा, वाकलं असेल तरच सरफेस मारा, उगाच नको, कारण दर वेळी कॉम्प्रेशन वाढतं. सीट कटिंग करताना गाइडची झीज आधी बघा. गाइड ढिला असेल तर कितीही चांगली सीट कापा, व्हॉल्व्ह तिरपाच बसणार. आणि मॅनिफोल्डचं तोंड पोर्टच्या तोंडाशी जुळतंय का ते गॅस्केट लावून पाहा. गॅस्केटची कड आत डोकावत असेल तर ती कापा. फुकटातलं काम आहे, पण बरेच जण करत नाहीत.

(दुसरा प्रश्न : "चंद्रपुरात कोण करून देईल?")

नाव मी घेणार नाही, दुसऱ्याला राग यायचा. (हशा) पण दुकानात गेल्यावर यंत्र कुठलं आहे ते नंतर बघा. आधी बघा, मिस्त्री हेड हातात घेतल्यावर पोर्टमध्ये बोट घालतो का.